एकाच रंगाचे कोट

आम्ही तिघं भेटलो की चहा थंड होतो. किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत. दुष्काळात एका शाळेत महिनाभर राहिलं की आपोआप साचतात. मी शोभा, तेव्हा नर्सिंगला होते. मिलिंद किनवटचा, डॉक्टरकी शिकणारा. रजिया नांदेडची, फार्मसीची. लातूर नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं आणि किल्लारीच्या बाजूच्या एका गावात आमचा आरोग्य कॅम्प लागला होता.

*

पहिल्या दिवशी मेडिकलची मुलं खुर्च्यांवर बसली, आम्ही सतरंजीवर, फार्मसीवाले औषधांच्या खोक्यांवर. कोणी कोणाशी बोलेना.

जेवताना मिलिंद म्हणाला, "सिस्टर, जरा पाणी."

मी म्हणाले, "माठ तुमच्या मागंच हाय, डॉक्टर."

तो उठला, पाणी प्यायला, आणि एक पेला भरून मलाही दिला. तिथून बोलणं सुरू झालं.

*

औषधांची दुसरी खेप आलीच नाही. पत्ता मिलिंदनं लिहिला होता आणि सवयीनं जिल्हा उस्मानाबाद टाकला होता. रजिया त्याच्यावर जाम चिडली. पारावर बसलेले एक आजोबा मध्ये पडले.

"पोराला काय बोलता? म्या बी झोपलो उस्मानाबादात अन् उठलो लातुरात. फकत टँकर कोन्या जिल्ह्यातून येनार, तेवढं सांगा."

*

याच आजोबांचं ब्लड प्रेशर मी मोजलं की बरं निघायचं, मिलिंदनं मोजलं की चढायचं. त्याला वाटलं, मशीन बिघडलं. मशीन बदललं, तरी तेच.

रजिया लांबून बघत होती. "मशीन नक्को बदलू. पट्टा बांधताना तू विचारतो, घरात कोणाला लकवा झाला होता का. जरा घरचं-दारचं बोल ना."

दुसऱ्या दिवशी मिलिंदनं आधी बैलांची चौकशी केली. बैल चारा छावणीत होते. प्रेशर आणखी चढलं.

*

टँकर कधी यायचा, कधी नाही. कपडे धुवायला पाणी मागायची लाज वाटायची. त्यांचे कोट, आमचे गणवेश, सगळं मातीच्या रंगाचं झालं. औषधाला आलेल्या एका बाईनं आम्हाला नीट न्याहाळलं.

"आलात तवा तीन घरचे वाटत होता. आता एका घरचे दिसायलात."

*

एका सकाळी सुमन नावाची तरुण आई तान्हं मूल घेऊन आली. जुलाबानं पोर सुकलं होतं. रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मिलिंदनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना. त्याचा चेहरा उतरला. दवाखाना लांब, जीप दुपारी येणार.

त्यानं रजियाला हाक मारली. तिनं सुमनचा तांब्या मापून पाहिला आणि तेवढ्या पाण्यापुरती साखर-मिठाची पुडी बांधली. मग तिनं मला बोलावलं. मी सुमनला चमच्यानं पाजायला शिकवलं. मूल ओकलं. थांबलो, परत सुरू केलं. मिलिंद नाडी धरून बसला होता. सुमन मांडी न हलवता पाजत राहिली.

जीप आली तेव्हा मुलानं शू करून आईचं लुगडं भिजवलं; अंगात पाणी टिकलं होतं. इतका आनंद आम्हाला पास झाल्यावरही झाला नाही.

पुढं तोंडी परीक्षेत सरांनी मिलिंदला कॅम्पमधली एक केस सांगायला लावली. त्यानं हीच सांगितली.

"तू काय केलंस?"

"सर, मी रजियाला हाक मारली."

"आणि तिनं?"

"तिनं शोभा सिस्टरला."

सर वैतागले. "अरे, मग उपचार कोणी केले?"

"मुलाच्या आईनं, सर."