वेलायुधमचे पाय

वेलायुधम माझा शेजारी. बसथांब्यापाशी त्याचं चहाचं दुकान आहे. उंचावरून चहा ओतताना तो थेंब सांडू देत नाही आणि दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. मधुमेहाने त्याच्या पायांतल्या दुखणं कळवणाऱ्या नसा केव्हाच निकामी झाल्या. चप्पल वाटेत निसटली तरी त्याला पत्ता नसतो. हे त्याला समजावणं मला आजवर जमलेलं नाही. बोलण्यात मी कच्चाच.

गेल्या वर्षी द्रौपदी अम्मनच्या जत्रेत तो निखाऱ्यांवरून चालला. बाकीचे झपझप जातात. भक्ती असतेच, पण चटका बसला की डोक्याला कळायच्या आधीच पाय उचलला जातो. वेलायुधम मधोमध थांबला आणि त्याने देवीला हात जोडले. "आईने निखारे थंड केले रे!" गर्दी ओरडली. पुढे जखम चिघळली, पायाची करंगळी कापावी लागली. गावात अजून ते हात जोडणंच सांगतात. करंगळीचं नाव कोणी काढत नाही.

यंदा त्याने पुन्हा निखाऱ्यांवरून चालायच्या नवसाचा हळदीचा धागा मनगटाला बांधला. मी सरकारी दवाखान्यातल्या सेल्वी नर्सला दुकानात घेऊन गेलो.

"डोळे मिटा, मामा. टोचलं की सांगा."

"टोच ना मग! गिऱ्हाईकं थांबलीत."

"केव्हाची टोचतेय, मामा."

तो खूश झाला. "बघा अण्णा, सुईसुद्धा लागत नाही मला. आईची कृपा!"

"कृपा कसली? दुखलं असतं तर बोट वाचलं असतं तुझं. आता पाय जाईल."

"अण्णा, तुम्ही चहासुद्धा फुंकून फुंकून पिता. तुम्ही मला विस्तवाचं सांगणार?"

सगळी गिऱ्हाईकं हसली. त्याची बायको शेनबगम मला हळूच म्हणाली, "पाय गेला तर दुकानात उभं कोण राहणार, अण्णा?" पण गावासमोर तीही गप्प.

जत्रेच्या दिवशी त्याने धाकटी नात मलर कडेवर घेतली. पुष्कळजण घेतात. मी म्हटलं, "तिला तरी खाली ठेव." त्याने ऐकलंच नाही.

निखाऱ्यांच्या खाईच्या कडेला धग लागताच मलरने दोन्ही पाय पोटाशी ओढले आणि टाहो फोडला. त्याने थोपटलं, आणखी पुढे सरकला. पोर त्याच्या मानेवर चढू लागली, नखं रुतवू लागली. तो थबकला. मागून आवाज आला, "अरे, पुढे हो नाहीतर बाजूला हो!" शेवटी तो वळला. पुजाऱ्याने त्याला भस्म लावलं. "पोर रडली. यंदा आईची इच्छा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वी त्याचे तळवे बघून गेली. कुठे साधा फोड नव्हता.

"बघितलंत?" वेलायुधम भरल्या दुकानात मला म्हणाला. "उगाच घाबरवत होतात. काही झालं का माझ्या पायांना?"

"तू गेलाच नाहीस, अरे!"

"पोरीने घोळ घातला. पुढच्या वर्षी एकटाच जाणार."

गिऱ्हाईकांनी माना डोलावल्या. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तोवर तो दुसऱ्याचा चहा ओतू लागला होता.