नव्या ॲनिमेची बाजू

मुलगी एडिनबराला युनिव्हर्सिटीत गेली, त्या सप्टेंबरात मी ॲनिमे बघायला लागले. तोवर तिच्या खोलीच्या बंद दाराआडून ऐकू यायचं तेवढंच माझं ॲनिमे होतं: जपानीतलं किंचाळणं, मग एकदम शांतता, मग पियानो. ती गेली आणि तो आवाजही गेला. नवरा पुण्याच्या टीमबरोबर सकाळपासून हेडफोन लावून बसलेला. मी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात सोनोग्राफर. दिवसभर अंधाऱ्या खोलीत करड्या पडद्याकडे बघायचं आणि घरी येऊन भिंतीकडे.

एका रविवारी तिला फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, हे विचारून झाल्यावर बोलायला काही उरलं नाही हे दोघींच्याही लक्षात आलं. मग तीच म्हणाली, "आई, तू एक काम कर. मी लिस्ट पाठवते. आपण सेम एपिसोड बघायचा आणि मग फोनवर बोलायचा."

"बोलायचं," मी म्हटलं.

"तेच ते."

रविवारी दुपारी चारची वेळ ठरली. पहिले दोन आठवडे मी फक्त तिचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून बघितलं. तिसऱ्या आठवड्यात मी चारची वाट न बघता पुढचे तीन भाग बघून टाकले आणि तिच्याशी खोटं बोलले. लहानपणी नागपूरला रविवारी सकाळी टीव्हीवर हिंदी बोलणारी कार्टून्स लागायची. त्यातली काही जपानी होती हे मला या वयात कळलं. शेजारच्या पाचसहा घरांतली पोरं आमच्या सतरंजीवर बसायची आणि मोठ्या डोळ्यांची ती माणसं आमच्यासारखीच हिंदी बोलतात याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

ऑक्टोबरात लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले तर दाराजवळ एक कागद लावलेला दिसला. महिन्यातून एकदा, शनिवारी दोन वाजता, वरच्या हॉलमध्ये ॲनिमे क्लब, सर्वांना प्रवेश. मी गेले. हॉलमध्ये वीसेक माणसं होती, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. क्लब सुरू करणारे गृहस्थ सत्तरीचे, उंच, लोकरी टोपी घातलेले. त्यांनी तीस वर्षं इथल्या गोदीत क्रेन चालवली होती. ते स्वतः दारात उभे राहून प्रत्येकाला चहा देत होते.

त्या दिवशी त्यांनी एक जुना सिनेमा दाखवला, हातानं रंगवलेला. त्यात एक मुलगी गवताळ टेकडीवर उभी राहते आणि वाऱ्यानं गवत लांबवर झुकत जातं. बस, इतकंच. मला भरून आलं. प्रत्येक पातं कुणीतरी बसून काढलं होतं हे दिसत होतं. दिवे लागल्यावर मी त्यांना तसं सांगितलं, तेव्हा ते खूश झाले.

"आमच्या तरुणपणी कॅसेट पोस्टानं यायची," ते म्हणाले. "कॉपीची कॉपी. चित्रावर मुंग्या. आम्ही पाच जण एका सोफ्यावर बसून बघायचो. अख्ख्या देशात हे फक्त आपल्याला माहीत आहे असं वाटायचं. आता काय, दर तीन महिन्यांनी ढीग येतो. कॉम्प्युटरची चकाकी. बघितलं की विसरलं."

"नवीन तुम्ही कधी दाखवता?" मी विचारलं.

"दाखवत नाही," ते हसून म्हणाले. "त्या बाबतीत हा क्लब जरा जुन्या वळणाचा आहे."

मी मुलीला सांगितलं तर ती फोनवर उसळलीच. "आई, हे टोटली चुकीचा आहे! त्यांनी एक तरी नवीन बघितलाय का?" मलाही राग आला होता, पण तो कुणाच्या बाजूनं होता ते नीट कळत नव्हतं. ते गवत मला खरंच आवडलं होतं. आणि लिस्टमधलं नवंही आवडलं होतं. एकाला हो म्हणायचं तर दुसऱ्याला नाही कशासाठी म्हणायचं?

पुढच्या आठवड्यात ते क्रेनवाले गृहस्थ लायब्ररीत भेटले, तेव्हा मी धीर करून विचारलं की नोव्हेंबरात मी काही नवीन आणलं तर चालेल का. ते म्हणाले, "चालेल. पण चहाच्या सुट्टीनंतर अर्धा हॉल रिकामा झाला तर मी पुन्हा ऐकणार नाही."

निवड मुलीनं केली. लढाईची सीरिज, तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींची लाडकी. चित्रं इतकी वेगवान की डोळ्यांना धाप लागावी. मी चार वाक्यांची प्रस्तावना पाठ करून गेले आणि तीही बोलताना अडखळले. पहिला भाग संपला, चहा झाला, आणि मी मागे वळून बघितलं तर नऊ माणसं उरली होती. काहींनी जाताना माझ्याकडे बघून सभ्यपणे मान हलवली, ते जास्त लागलं.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "वाईट नाही हो. पण पाश्चात्त्य प्रेक्षकाला हे नाही पचायचं. फारच जपानी आहे."

क्रेनवाल्यांनी माझ्या हातातला कप घेतला आणि हळूच म्हणाले, "वीस मिनिटं नुसता आरडाओरडा होता. तुम्ही मनापासून केलंत, पण हे असं आहे."

बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. सगळ्यात वाईट म्हणजे ते थोडे बरोबर होते. ती सीरिज मुलीला आवडते कारण तिनं ती मैत्रिणींबरोबर, त्यांच्या गदारोळात बघितली होती. माझ्या हॉलमध्ये सीरिजला ते वातावरण मिळालं नाही. पण त्या एका सीरिजवरून सगळं नवीन निकालात काढणं मला मान्य नव्हतं. आणि "पाश्चात्त्य प्रेक्षक" म्हणजे नेमकं कोण? त्या हॉलमध्ये मी नागपूरची, माझ्या डावीकडे एक पोलिश बाई, मागे घानाहून आलेली आमच्याच हॉस्पिटलची नर्स. आम्ही चहा पीत होतो, पावसाला शिव्या देत होतो, कौन्सिलच्या फॉर्मवर सह्या करत होतो. प्रेक्षकांत आम्ही नव्हतो की काय?

डिसेंबरात एक गंमत झाली. क्रेनवाल्यांनी ख्रिसमससाठी घरून जुन्या कॅसेटचं खोकं आणलं आणि म्हणाले, कुणीही डोळे मिटून एक उचला, तीच लावू. पोलिश बाईंनी उचलली. तो दीड तासाचा एक भयंकर सिनेमा निघाला. राक्षसाचं तोंड बंद असताना तो बोलत होता. नायकाचं जाकीट दर मिनिटाला रंग बदलत होतं. आम्ही हसून हसून दमलो, आणि सर्वांत जास्त तेच हसले.

"असे किती आहेत खोक्यात?" मी विचारलं.

"प्रामाणिकपणे सांगू? निम्म्याहून जास्त."

"मग तुम्ही जुन्यातलं निवडून दहा आणता आणि नव्याचा अख्खा ढीग मोजता."

ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मग ते म्हणाले, "फेब्रुवारी तुमचा. निवडा तुम्हीच. या वेळी मुलीला विचारू नका."

मी खरंच विचारलं नाही. लिस्टमध्ये अगदी खाली एक सीरिज होती, जिच्यापुढे मुलीनं "स्लो" असं लिहिलं होतं. एका छोट्या बेटावर सतरा वर्षांची मुलगी आजोबांची फेरीबोट चालवायला शिकते. तीन भागांत ती फक्त बोट धक्क्याला लावायला शिकते. पहिल्यांदा ती वेग वेळेवर कमी करत नाही आणि बोटीचा मागचा भाग वाऱ्यानं बाहेर फेकला जातो. आजोबा धक्क्यावर उभे असतात, एक शब्द बोलत नाहीत. ती फेकलेला दोर पाण्यात पडतो. तिसऱ्या भागात ती आधी पुढचा दोर खुंट्याला अडकवते आणि त्या दोराच्या आधारानं इंजिन हळूच रेटत मागचा भाग आत आणते.

मला ते बेहद्द आवडलं. पण भीती होती. ज्या माणसानं तीस वर्षं जहाजं धक्क्याला बांधताना बघितली त्याच्यासमोर मी हे लावणार होते. एक गाठ चुकीची निघाली की संपलं. मुलगी म्हणाली, "आई, हे चीटिंग आहे. तू मुद्दाम बोटीचा घेतला." मी म्हटलं, "मुद्दामच घेतलं. पण त्यात धोका मलाच जास्त आहे."

एका सुट्टीच्या दिवशी मी बंदरावर जाऊन छोट्या फेरीची ये-जा बघत अर्धा तास वाऱ्यात उभी राहिले. माणूस दोर कसा फेकतो, बोट कशी टेकते. दोर बांधणाऱ्यानं विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठेच नाही, बघतेय." त्यानं खांदे उडवले आणि पुढच्या खेपेला जरा जास्तच ऐटीत दोर फेकला. मला जेवढं कळलं तेवढं सीरिजशी जुळत होतं. बाकी देवाच्या नव्हे, त्या जपानी चित्रकारांच्या हातात होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मी प्रस्तावना केलीच नाही. फक्त म्हटलं, "दोन वर्षांपूर्वीची आहे. बोट आहे." आणि बटण दाबलं.

मला सवय आहे पडद्याकडे आणि माणसाकडे एकाच वेळी बघायची. आईबापांचा चेहरा मला आधी कळतो, मग त्यांना बाळ दिसतं. आता मी क्रेनवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिल्या भागात ते हाताची घडी घालून बसले होते. बोटीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला तेव्हा त्यांच्या तोंडून एक हलकासा आवाज निघाला, रस्त्यावर कुणी घसरलं की निघतो तसा. चहाची सुट्टी झाली. मी मोजत बसायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. सगळे परत आले. उलट लायब्ररीच्या खालच्या मजल्यावरून दोन बायका वर येऊन दाराशी उभ्या होत्या.

तिसऱ्या भागात मुलीनं पुढचा दोर अडकवला. इंजिनाचा आवाज बदलला. बोट इंच इंच आत यायला लागली. ते खुर्चीत पुढे सरकले आणि उजवा हात नकळत वर गेला, जणू खाली कुणाला खूण करत होते: ये, ये, अजून, बस. बोट टेकली. आजोबांनी फक्त मान हलवली. आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. फुटबॉलला पडतात तशा, कुणी ठरवून न पाडलेल्या. नर्सनं तर शिट्टी मारली.

दिवे लागले. ते उठले नाहीत.

"पाणी कॉम्प्युटरचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दिसतंय. मला नाही आवडलं ते पाणी." मग म्हणाले, "पण ती बोट ज्यानं काढलीय तो माणूस धक्क्यावर उभा राहिलेला आहे. मी हे वरून, क्रेनमधून, हजार वेळा बघितलंय. दोर ताणला की आधी थरथरतो. ते काढलंय त्यांनी. चाळीस वर्षांत कुणी काढलेलं मी बघितलं नव्हतं."

पुढच्या रांगेतले ते गृहस्थ म्हणाले, "पण हे फारच जपानी नाही का? ते आजोबांचं मान हलवणं वगैरे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण क्रेनवालेच आधी वळले. "अहो, आपल्याला कॅसेटमधलं तरी निम्मं कुठे कळायचं? नाही कळायचं म्हणून तर पुन्हा पुन्हा बघायचो आपण." आणि मग माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "चौथा भाग आहे का तुमच्याकडे?"

होता. आम्ही तो लगेच बघितला. लायब्ररीच्या माणसाला हॉल बंद करायचा होता, तो किल्ल्या हातात घेऊन भिंतीला टेकला आणि शेवटपर्यंत टेकूनच राहिला.

मी बसची वाट बघत असतानाच मुलीला फोन लावला. "टाळ्या पडल्या," मी म्हटलं. पलीकडून ती इतकी ओरडली की शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी वळून बघितलं. मी त्यांना उगाचच सांगितलं, "माझी मुलगी आहे." त्या म्हणाल्या, "आनंदाची बातमी दिसतेय." मी म्हटलं, "खूपच."

मार्चपासून क्लबचा नियम बदलला. एक जुनं, एक नवीन, मधे चहा. एका शनिवारी तेच गवत पुन्हा दाखवलं आणि त्यानंतर एक नवीन लघुपट. कुणीही कुणाला जिंकवायला बसलं नव्हतं आणि दोन्ही मनात राहिले. क्रेनवाले आता स्वतः नवीन शोधून आणतात, आणि आणताना कुरकुरतात: "यातली गाणी भिकार आहेत, पण चौथ्या मिनिटाकडे लक्ष ठेवा."

ईस्टरच्या सुट्टीत मुलगी घरी आली, तिला घेऊन गेले. ती आणि ते पहिल्या रांगेत शेजारी बसले. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच त्यांचं वाजलं. ती म्हणाली की लढाईची सीरिज त्यांनी चुकीच्या भागापासून बघितली, मुळात सातव्यापासून बघायला हवी होती. ते म्हणाले की जी गोष्ट सातव्या भागात सुरू होते ती सहा भाग काय करत होती? ती हातवारे करत समजावायला लागली. ते टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते, मधेच "हं, बोला" म्हणत होते. त्या दिवशी चाळीस माणसं आली होती, खुर्च्या कमी पडल्या. मी मागे भिंतीपाशी उभी राहिले, हातात कपांचा ट्रे, आणि मला खुर्ची नकोच होती.