आप्पा, स्पॅममध्ये बघा

नांदेडच्या पाइप-मोटारीच्या ज्या दुकानात मी मुनीम आहे, तिथला हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीपेक्षा जुना आहे. तो मालकांच्या वडिलांनी घेतलेला, म्हणून बदलायचा नाही. दर लक्ष्मीपूजनाला त्याला कुंकू लागतं. त्यातलं बरंचसं कीबोर्डात गेलंय. एंटर दाबलं की अजून बोट लाल होतं.

या प्रोग्रॅममधून बिल ईमेल करता येतं, म्हणजे यायचं. एके दिवसापासून बटण दाबलं की 'पाठवलं' अशी चौकट यायची आणि बिल कुठंच पोचायचं नाही. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. कबूल करायला दोन महिने लागले.

आमचं लातूरचं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे मुलाबरोबर दुकानात बसणारे सत्तरीतले आप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि डोक्यावर थोरल्या मुलाचा नियम: बिल मेलवरच आलं पाहिजे, बाकीच्या गिऱ्हाइकांना चालतो तसा मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. त्यासाठी आप्पा हौसेनं कॉम्प्युटर शिकले होते. बिल आलं नाही म्हणून फोन करायचे. मी सांगायचो, पाठवलंय, स्पॅममध्ये बघा. मन खायचं, म्हणून ते फोनवर असतानाच मी बटण पुन्हा दाबायचो, खट्ट ऐकू जाईल असं. बटण तर दाबलं, मग खोटं कुठं बोललो? इतका प्रामाणिक माणूस मी.

एकदा तर म्हणालो, तुमच्या हातून उडालं असेल.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"मुनीमजी, खरंच माझ्याच हातानं उडायलंय का हो? पोरगं म्हनतंय, सोमवारपासून कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाई. घरीच बसा म्हनतंय."

बघतो, म्हणालो. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. दोनच भाकरी गेल्या.

मग कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या भाईंना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत दुखणं सांगितलं. मेलवाल्यांनी नियम बदलले होते. या म्हाताऱ्या प्रोग्रॅमकडून ते आता नेहमीचा पासवर्ड घेत नव्हते, त्याच्यासाठी वेगळा बनवायला हवा होता. त्याचा ओटीपी जाणार मालकांच्या मोबाइलवर, आणि मालक नायगावला लग्नात. फोन केला तर म्हणाले, ओटीपी सख्ख्या बापालाही सांगायचा नाही, बँकेनं बजावलंय. शेवटी गाडी काढून स्वतः आले आणि एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हातानं आकडे टाकले.

भाईंनी नवा पासवर्ड भरला आणि आउटबॉक्स उघडला. आप्पांच्या नावाचे एक्केचाळीस मेल तिथं दाटीवाटीनं थांबलेले होते. त्यात एकच बिल सतरा वेळा.

"मुनीमजी, हे पुसून टाकू का जाऊ देऊ?" भाईंनी हळूच विचारलं. "गेले तर सगळ्यांवर तारीख आजची पडंल."

पुसले असते तर एक ताजं बिल पाठवून मी मोकळा, आणि आप्पा सोमवारपासून घरी. मालक मागंच उभे होते, लग्नातला फेटा अजून डोक्यावर.

"जाऊ द्या," मी म्हणालो.

मग लातूरला फोन लावून आप्पांना म्हणालो, मुलाला द्या. त्याला सांगितलं की मेल इथून कधी निघालेच नव्हते, मला ते दोन महिने ठाऊक होतं, आणि आप्पांनी काहीही उडवलेलं नाही. मालकांनी फेटा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि आत गेले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

सोमवारी सकाळी मेल उघडला. आप्पांची एक्केचाळीस उत्तरं आली होती, प्रत्येक मेलला वेगळं: 'बिल मिळाले.' शेवटच्यात एक ओळ जास्त होती: 'स्पॅममध्ये नव्हते.'

सगळी एकदम निवडून पुसता येतात, असं भाईंनी शिकवलं होतं. मी एकेक उघडून वाचली.