एल्विराची पाकिटं

माझ्या वर्गातली निम्मी मुलं एल्विराच्या हातांवर जन्मली होती. ती माझी शेजारीण, पराना नदीकाठच्या आमच्या गावातल्या प्रसूतिगृहात सुईण. पहिलटकरीण असली की बाळ येताना वाट मोठी करायला कात्रीने छेद द्यायचा आणि मग टाके घालायचे, ही तिथली जुनी रीत. एल्विराचे टाके इतके नेटके, की डॉक्टर नव्या मुलींना मुद्दाम बघायला पाठवत.

मग नीदिया आली. सव्वीस वर्षांची. ती गरज नसेल तर कात्री उचलतच नसे. बायका नाव घेऊन तिलाच बोलवू लागल्या. दुपारी सगळ्याजणी भोपळ्याच्या एकाच भांड्यातून, एकाच नळीने कडू चहा पीत. ते भांडं भरून फिरवायचा मान एल्विराचा. नीदियाची पाळी आली की नेमकं पाणी संपे.

"एल्विराबाई, माझ्यापाशीच किटली कशी आटते हो?"

"आधी कात्री धरायला शीक. तहान नंतर."

त्या वर्षी डॉक्टर ओल्मेदो म्हणाले, वाद पुरे, कुठल्या बाळंतिणी लवकर बऱ्या होतात ते मोजून बघू. क्रमांक घातलेली बंद पाकिटं आली. पहिलटकरीण कळा देऊ लागली की वरचं पाकीट फोडायचं. आतली चिठ्ठी सांगेल: 'छेद द्या' किंवा 'गरज पडली तरच'.

एल्विरा पाकिटं खिडकीच्या उन्हात धरायची. आतली अक्षरं दिसायची. 'छेद द्या' असेल ते ती सोप्या बाळंतपणासाठी बाजूला ठेवी; बाळ मोठं असलं, बाई अडली, की दुसरी चिठ्ठी.

"त्या पोरीपुढे माझी कात्री हरायला नको होती," ती मला म्हणाली.

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी बाळंतिणी जेवायला बाकावर बसत. एल्विराने छेदासाठी निवडलेल्या, सोप्या बाळंतपणाच्या बायका उशी मागत, एका अंगावर कलून बसत. अडलेल्या, पण छेद न दिलेल्या बऱ्याचजणी सरळ बसून सूप पीत होत्या. आठवडाभर तिने हे पाहिलं आणि डॉक्टरांकडे जाऊन सगळं कबूल केलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "तुमची एकेचाळीस पाकिटं बाद. का, तेही लिहावं लागेल."

"लिहा. पण माप मी माझ्याकडे वाकवलं, तरी ते तिच्याकडेच गेलं. ते नाही का लिहिणार?"

"नाही. बिघडलेल्या मोजणीतून काहीच सिद्ध होत नाही. ते तुमच्यापाशी ठेवा."

त्या दुपारी नीदियाकडे पहिल्यांदाच भरलेलं भांडं गेलं.

"आज किटली भरलेली दिसते!"

"गप पी. साखर नाही त्यात."

हेवा गेला का, असं मी विचारलं. "कुठला जातोय?" एल्विरा म्हणाली. "पण पाणी पुरतं आता."