पावडर पुसून या

मला काही कळलंच नव्हतं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. आईला, कारखान्यातल्या मित्रांना, पुढे बायकोलाही. आता पन्नाशी जवळ आली, आणि हे वाक्य तोंडातून पूर्वीसारखं सहज बाहेर पडत नाही. म्हणून लिहितो. किती कळलं होतं आणि किती नव्हतं, ते मलाही अजून धड ठरवता आलेलं नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि नुकताच एक जुना कॅमेरा घेतला होता. पोटाशी धरायचा आणि वरून वाकून काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसे. समोरचा माणूस एकीकडे सरकला की आत तो दुसरीकडे निघालेला. मुळात माझा स्वभाव गोंधळलेला, त्यात हे यंत्र.

घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात रविवारी हौशी फोटोवाल्यांचा क्लब भरायचा. एकदा तिथे अंधेरीहून मॉडेल आली. सिनेमात काम मिळवायची तिची धडपड चालली होती, सोबत आई होती. आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. माझ्या रोलवर तिचा चेहरा एकदाच आला, बाकी लोकांची कोपरं. क्लबातले एक वयस्कर सभासद ती निगेटिव्ह उजेडात धरून हसले. "अरे, गर्दीत पोर्ट्रेट होत नाही. स्वतःची मॉडेल शोध. खिडकीशी बसव आणि घाई करू नकोस."

स्वतःची मॉडेल कुठून आणू? कंपनीच्या वसाहतीत एखाद्या मुलीशी जिन्यात बोललो तरी वरच्या मजल्यापर्यंत पोचायचं. शेवटी मी शेजारच्या मशीनवरच्या मित्राला विचारलं, "तुझ्या बहिणीचे फोटो काढू का रे? घरीच, तुम्हा सगळ्यांसमोर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबांशी बोलतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाठीवर थाप. "रविवारी सकाळी ये. आणि कपडे जरा झकास घाल, यार."

फोटो तिचे, तर कपडे मी का झकास घालायचे? कळलं नाही. पण इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

ती माणसं आमच्याच मुलखातली, आमच्याच जातीची. तिच्या आईने माझ्या मामांचं गाव विचारलं, आजोळ विचारलं. मग कांदेपोहे आले. ते घेऊन ती आली, जरीकाठाची साडी, अबोलीची वेणी, चेहऱ्यावर पावडरचा थर. मला पोह्यांचं काही वाटलं नाही. पावडरचं वाटलं. खिडकीच्या उजेडात चेहरा चुन्यासारखा येणार. मी म्हणालो, "पावडर पुसून या. आणि साडी रोजचीच नेसा."

ती आत गेली. मग तिची आई नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघलांत? पोराक साधेपण आवडता."

पुढचं आठवलं की आजही कानशिलं तापतात. केस मोकळे सोडा. खिडकीपर्यंत चालून दाखवा. आता मान वळवा, डावीकडे, नाही नाही, उजवीकडे. मुलगी बघायला आलेली म्हातारी आत्या जे जे करायला लावते, ते सगळं मी करायला लावलं. माझं लक्ष उजेडावर. तिची आई कोचावर उभी राहून पांढरी चादर ताणून धरत होती, सावलीच्या बाजूला उजेड पडावा म्हणून. "अजून किती येळ धरूचा रे ह्या? हात भरान इले माझे." पण हसून म्हणायची.

पहिल्या फोटोंत ती खांबासारखी आली. पुढच्या रविवारी परत गेलो. मित्राने विचारलं, "घरी दाखवलेस का रे?"

"दाखवले. आईला आवडले."

खरंच आवडले होते. त्या वाक्याचा त्याने काय अर्थ घेतला, ते मला त्या आठवड्यात उमगलं. चहाच्या सुट्टीत एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे, नुसते फोटोच काढणार की बारही उडवणार?" सगळे हसले. मीही हसलो. माझा मित्र मात्र हसला नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. आणि तेव्हा मला कळलं होतं.

तरी मी त्या रविवारी गेलो. कारण आदल्या खेपेला, रोल संपल्यावर, तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, आणि ते काचेत पकडायचं राहून गेलं होतं. ह्या वेळी खिडकीशी बसली आणि तसंच बघितलं. मी बटण दाबलं. तिच्याशी लग्न करावं असं मला वाटत होतं का? वाटत नव्हतं, असंही छातीठोकपणे सांगवत नाही.

कॅमेरा पिशवीत भरत होतो तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "मग तुमच्याकडची वडीलधारी कधी येतायत?"

मी म्हणालो, "काका, मी फक्त फोटो शिकतोय."

तिच्या आईने चादरीची घडी घातली. खूप छोटी घडी घातली. मित्र एवढंच म्हणाला, "चल, जिन्यापर्यंत सोडतो." पण दारातच थांबला.

काही दिवसांनी त्यानेच मान खाली घालून प्रिंट मागितल्या. दुसरं स्थळ आलं होतं, फोटो पाठवायचा होता. मी त्यांच्या घरी नेऊन दिल्या. तिने त्या टेबलावर पसरल्या आणि पहिल्या दिवशीचा, खांबासारखा फोटो उचलला. शेवटचा, सगळ्यांत चांगला, माझ्याकडे परत सरकवला.

"हा नको. ह्यात मी कुणाकडे तरी बघतेय, ते लोकांना दिसेल."

पुढे मुलुंडला तिचं लग्न झालं, बरं घर मिळालं, असं ऐकलं. मला आमंत्रण नव्हतं.

तिने नको म्हटलेला तो फोटो मी मोठा करून क्लबच्या भिंतीवर लावला. तिला न विचारता. लोक त्याच्यासमोर थांबत होते. ते वयस्कर सभासद तर चष्मा काढून अगदी जवळ गेले. "काय सांगितलंस रे पोरीला? असं बघायला काय सांगितलंस?"

मी म्हणालो, "काही नाही. खिडकी पूर्वेची होती."