आमची हरकत

"सुई ठेव. तुम्ही लोकांनी फक्त बघायचं."

देगलूरकडचा माणूस होता, विळ्यानं पोटरी फाटलेली. दोन टाके मी घातले होते. तिसऱ्याला ड्युटीवरच्या रेसिडेंटनं असं म्हणत माझ्या हातातनं सुई घेतली. त्यानं विचारलं, ह्या डॉक्टर न्हाईत का? ती म्हणाली, आयुर्वेदाच्या आहेत, शिकाऊ. माणसानं पाय आखडून घेतला. इतका वेळ मी त्याला फसवतच होते जणू.

ही लातूरच्या क्लासात माझ्या बाकावर बसायची. फिजिक्सची गणितं मी तिला समजावली. ती एमबीबीएसला लागली. मी वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दिली, तरी बीएएमएसच. आता नांदेडच्या ह्या दवाखान्यात ती रेसिडेंट, मी इंटर्न.

जळते मी तिच्यावर. लई जळते. वॉर्डातल्या मावशी तिला खुर्ची देतात, मला म्हणतात, सरक गं. ड्युटी करून सुजलेले तिचे डोळेसुद्धा मला हवेत. तिच्या जागी असते तर मीही सुई काढून घेतली असती, हे कळतं, म्हणून अजूनच जळते.

नव्या नियमाचा मसुदा आला होता. आयुर्वेदाच्या इंटर्ननं इथं पेशंटला हात लावायचा न्हाई, नुसतं निरीक्षण. नियम व्हायचा होता अजून. तिनं आधीच लावून टाकला.

आठवड्यानं कॉलेजात प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. मसुद्यावर आमचं म्हणणं मागवलेलं, आणि ते सरांनी टाइप करून ठेवलेलं: "आमची हरकत नाही." प्रत्येकाला एकेक प्रत, बाकी सगळ्या वर्गाच्या सह्या झालेल्या. सर म्हणाले, कंधारला जाऊन चूर्णच देणार ना तू, टाके कशाला पायजेत? इंटर्नशिपचा दाखला माझ्या सहीनं निघतो, एवढं ध्यानात ठेव.

कंधारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान हाय. शेजारी मी दवाखाना टाकणार. तिथं फाटलेला पाय घेऊन कुणी आलं तर काय सांगू त्याला? की मला नुसतं बघता येतं?

पेन घेतलं. माझ्या प्रतीवर 'आमची' खोडून 'माझी' केलं. 'नाही' खोडून 'आहे'. सही केली.

"एकटीच?" सर म्हणाले.

"हाव."

दाखला अजून मिळाला न्हाई. सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत गेले तर तीच ड्युटीला. तशीच जळले. एका बाईचा तळहात कापलेला होता. मी हातमोजे चढवले.

"नियम झाला की दाखव," तिला म्हणलं. "आज मी शिकणार. चुकले तर सांग."

तिनं सुई दिली न्हाई. ट्रे मीच माझ्याकडं ओढला.