सुलभाच्या नेवऱ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही — जमेल तसं.

माझी मनवा आज कॉलेजात जाते. ती लहान होती, तेव्हा एका गणपतीच्या चवथीनंतर सुकतच गेली. सारखी तहान, सारखी लघवी. डिचोलीच्या डॉक्टरांनी पणजीला पाठवलं. साखर भयंकर वाढलेली. नवरा औषधं आणायला गेला, तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं — जंतूंशी लढणाऱ्या तिच्या रक्तातल्या पेशी तिच्याच स्वादुपिंडावर उलटल्यात, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्यांनी मारून टाकल्यात. गावच्या शिमेवरच्या राखणदारानंच घरात शिरून माणसं मारावीत, तसं. कितीतरी महिने हे आतल्या आत चाललं होतं. गोड खाण्याशी काही संबंध नाही, असंही त्या स्पष्ट म्हणाल्या. मग विचारलं, घराण्यात कुणाला हा आजार होता का?

मी नाही म्हटलं.

माझा धाकटा भाऊ याच आजारानं गेला. लग्न जमवताना माहेरच्यांनी तो तापानं गेल्याचं सांगितलं, आणि मीही तेच सांगत आले. आता कुठल्या तोंडानं खरं बोलणार होते?

घरी सासूबाई दारातच उभ्या. मी म्हटलं, "डॉक्टरांनी गोड बंद करूक सांगितलां." एवढंच. हे खोटं होतं का? पण ते कुणावर जाऊन पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुलभावर, माझ्या धाकट्या जावेवर. तिला मूल नव्हतं. मनवा तिच्याच मांडीवर वाढली. चवथीच्या नेवऱ्या — आपल्या करंज्याच — तळताना पहिली ती मनवाला भरवायची. सासूबाई सगळ्यांसमोर तिच्यावर कडाडल्या. मी मान खाली घालून मनवाची इंजेक्शनं डब्यात लावत बसले. सुटल्यासारखं वाटलं मला. हो, सुटल्यासारखंच.

त्यानंतर पोरगी काकीकडे धावायची आणि सुलभा हात मागे घ्यायची.

एकदा मागीलदारी भांडी घासताना तिनं विचारलं, "वयनी, खरां सांग. माझ्या नेवऱ्यांनीच झालां गो ह्यां?"

आम्ही दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. नुसतं नाही म्हणायचं होतं —

मी म्हटलं, "जांव दे गो आता. मुद्दाम थोडांच केलंस?"

साबणाच्या हातांनी तिनं माझे पाय धरले. मी धरू दिले.